टचपॅडखालची फुगलेली बॅटरी

लॅपटॉपची बॅटरी फुगू लागली की पहिली तक्रार बहुतेक वेळा भलत्याच भागाकडून येते. पडद्यावर सूचना उमटत नाही, चार्जिंग नेहमीप्रमाणे होत राहते आणि यंत्र पूर्वीइतक्याच वेगाने चालते. माझ्याकडे ही तक्रार टचपॅडने नोंदवली. त्याची डावी बाजू दाबली जाईना आणि कधी कधी बोट न लावताच क्लिक होऊ लागले. मी बहुतेक काम माऊसने करते, त्यामुळे काही अडले नाही. पुढे लॅपटॉप टेबलावर किंचित डुगडुगू लागला आणि झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला एका बाजूने बारीक फट राहू लागली. तेव्हा तो बंद करून उलटा केला आणि त्याच्या पाठीवर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवून पाहिली. पट्टी मधल्या भागावर टेकत होती आणि तिच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. टचपॅडच्या बरोबर मागे पाठ वर आली होती, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या जागी आत बॅटरीच असते.

मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम पुण्यात घरून करते. लॅपटॉप २०२० च्या टाळेबंदीत घेतलेला असून तेव्हापासून तो एकाच टेबलावर, अडॅप्टर जोडलेल्या अवस्थेत आणि बॅटरी शंभर टक्क्यांवर, असा चालत आलेला आहे. बॅटरी फुगली आहे हे कळल्यावर ओळखीच्या लोकांकडून जे सल्ले मिळाले, त्यांपैकी एकाचे म्हणणे ‘चालतोय ना, मग चालू द्या’ असे होते, दुसऱ्याचे ‘पाच वर्षे झाली, आता नवीनच घ्या’ असे होते, आणि एका उत्साही गृहस्थांनी तर टाचणीने भोक पाडून हवा काढून टाकण्याची चित्रफीतच पाठवून दिली. यांतला शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, पहिला त्याच्या थोडासाच अलीकडचा आहे आणि मधला फक्त खर्चिक आहे. फुगलेली बॅटरी दुरुस्त होत नाही, पण तिच्याभोवतीचा लॅपटॉप बहुतेक वेळा पूर्णपणे वाचतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की पुढचे निर्णय सोपे होतात.

फुगवटा लक्षात आल्यावर सर्वांत आधी अडॅप्टर काढायचा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. झाकण मिटून तो झोपवून ठेवणे पुरेसे नाही, कारण त्या अवस्थेतही बॅटरीतून थोडी वीज वाहतच असते. वर आलेला टचपॅड किंवा पाठ दाबून सपाट करण्याचा मोह आवरायला हवा. बॅटरी ज्या सेलची बनलेली असते, त्या प्रत्येक सेलच्या आत दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा केसाहूनही पातळ असतो. तो दाबाने फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते आणि तिथून आग लागायला काही सेकंद पुरतात. मी लॅपटॉप गादी, पडदे आणि कागदपत्रांपासून दूर, बाल्कनीच्या सावलीतल्या फरशीवर ठेवला. वास येतो का, पाठ गरम लागते का, हे अधूनमधून पाहत राहिले. गोडसर, नेलपॉलिशची आठवण करून देणारा वास आला तर सेलचे वेष्टन कुठेतरी फाटले आहे असे समजावे. फुसफुस आवाज किंवा धूर सुरू झाला तर लॅपटॉप उचलायला न जाता घरातल्या सर्वांना बाहेर काढून १०१ वर अग्निशमन दलाला फोन करावा, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखा अत्यंत घातक वायू असू शकतो. माझ्याकडे यातले काहीच झाले नाही.

सर्वांत मोठी काळजी होती ती आतल्या माहितीची, कारण जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आली होती. तरीही फुगलेल्या बॅटरीवर लॅपटॉप पुन्हा सुरू करून फायली उतरवून घेण्याची गरज नसते. सर्व माहिती एसएसडीवर, म्हणजे फायली साठवणाऱ्या भागावर, असते आणि एसएसडीचा बॅटरीशी काहीही संबंध नसतो. बॅटरी काढून टाकल्यावर बहुतेक लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालतात, आणि जे चालत नाहीत त्यांची एसएसडी बहुतेक वेळा बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. माहितीच्या काळजीने लोक फुगलेला लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावून बॅकअप घेत बसतात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

बॅटरी फुगते म्हणजे तिच्यात वायू साठतो, आणि हा वायू बाहेरून शिरत नाही. तो आतल्याच द्रावणापासून तयार होतो. लिथियम-आयन सेलमध्ये ऋण ध्रुवावर ग्रॅफाइट असते, धन ध्रुवावर कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंचे लिथियमयुक्त ऑक्साइड असते, आणि दोन्हींमध्ये एथिलीन कार्बोनेटसारख्या विद्रावकांत विरघळवलेला लिथियमचा एक क्षार असतो. हे विद्रावक ज्वलनशील असतात. सेल पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा ग्रॅफाइटवर या द्रावणापासून एक अतिपातळ थर तयार होतो, आणि तोच पुढे ग्रॅफाइट आणि द्रावण यांच्यातली झीज रोखून धरतो. परंतु प्रत्येक चार्जिंगबरोबर ग्रॅफाइट किंचित प्रसरण आणि आकुंचन पावते, थराला तडे जातात, ते बुजवण्यासाठी आणखी थोडे द्रावण खर्च होते आणि त्या प्रक्रियेत एथिलीनसारखे वायू सुटतात. धन ध्रुवाच्या बाजूला वेगळाच व्यवहार चालू असतो. तिथे व्होल्टेज जितके जास्त, तितके द्रावणाचे ऑक्सिडेशन जास्त, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. उष्णता या दोन्ही प्रक्रियांना वेग देते.

आता माझ्या टेबलावरची परिस्थिती या चौकटीत बसवून पाहावी. माझ्या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले होते. प्रत्येकाचे नाममात्र व्होल्टेज ३.८ आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४.३५. बॅटरी वापरून पुन्हा भरली जात होती असेही नाही. ती सकाळपासून रात्रीपर्यंत त्या ४.३५ व्होल्टवरच ताटकळत उभी होती, आणि शेजारी प्रोसेसर तापत होता. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीचेच तापमान ३५ अंशांपर्यंत जाते. विदर्भात आणि खानदेशात तर विचारायलाच नको. म्हणजे भरपूर व्होल्टेज, भरपूर उष्णता आणि भरपूर काळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. ‘मी तर बॅटरी वापरतच नाही, मग ती खराब कशी होईल’ असा प्रश्न घरून काम करणारे अनेक जण विचारतात. न वापरता पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी गरम जागी लवकर म्हातारी होते, हे त्याचे उत्तर आहे.

पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये बॅटऱ्या अशा फुगलेल्या आठवत नाहीत, असे वडिलधारी मंडळी म्हणतात आणि ते बरोबर आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि त्यानंतर बरीच वर्षे लॅपटॉपमध्ये १८६५० या नावाने ओळखले जाणारे नळकांडे सेल वापरले जात. व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. ते पोलादी डब्यात बंद असल्यामुळे आत वायू झाला तरी बाहेरून आकार बदलत नसे. दाब फारच वाढला तर वरच्या टोकाची झडप उघडत असे. लॅपटॉप पातळ करण्याच्या ओढीत हे जाड नळकांडे मागे पडले आणि त्यांची जागा पिशवीच्या आकाराच्या चपट्या सेलने घेतली. दुधाच्या पिशवीच्या कडा जशा उष्णतेने चिकटवतात, तशाच या सेलच्या ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या वेष्टनाच्या कडा चिकटवलेल्या असतात. वजन कमी, जाडी कमी, पण आत वायू झाला की वेष्टनाला ताणण्याखेरीज मार्ग उरत नाही. त्याच सुमारास बॅटरी खालून खटका दाबून काढण्याची सोय गेली आणि ती स्क्रूंनी बंद केलेल्या पाठीच्या आत गेली. जो भाग सर्वांत आधी झिजणार हे बनवणाऱ्याला माहीत असते, नेमका तोच आत दडवण्याचा हा प्रकार मला आजही पटलेला नाही.

अर्थात जुने सेल निर्धोक होते असेही नाही. २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, कारण त्या पेट घेत होत्या. पिशवीच्या सेलचा त्यातल्या त्यात उपकार असा की तो फुगून वेळेवर दिसतो. जून २०१९ मध्ये ॲपलने २०१५ ते २०१७ या काळात विकल्या गेलेल्या काही पंधरा इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची घोषणा केली, आणि पुढे ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा बॅटरीचे लॅपटॉप विमानात न नेण्याचे आवाहन प्रवाशांना केले. फुगलेल्या बॅटरीला विमानात सामानातही जागा नाही आणि हातातल्या पिशवीतही नाही, आणि त्यामुळे ती हवाई मार्गाने जाणाऱ्या कुरिअरनेही पाठवता येत नाही. परगावी शिकणाऱ्या मुलाने ‘लॅपटॉप घरी पाठवतो, तुम्हीच दुरुस्त करून घ्या’ असे म्हटले तर त्याला त्याच गावात दुकान शोधायला सांगावे.

माझी पहिली फेरी अधिकृत सेवा केंद्रात झाली. वॉरंटी संपलेली होती. वॉरंटी तपासताना एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची अनेकदा एकाच वर्षाची असते, आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. केंद्रातल्या मुलाने यंत्र उघडून पाहण्याआधीच बॅटरी, टचपॅड आणि तळव्याखालचा संपूर्ण वरचा भाग बदलावा लागेल असे सांगितले. खर्चाचा जो अंदाज दिला तो नव्या साध्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास जाणारा होता. वर बॅटरी मागवायला किती दिवस लागतील हे निश्चित नव्हते, आणि त्याच टेबलावर जुना देऊन नवा घेण्याच्या योजनेचे पत्रकही ठेवलेले होते. त्याने अदबीने सगळे सांगितले, त्याची तक्रार करण्याचे कारण नाही. पण बॅटरी काढून टचपॅड पुन्हा जागेवर बसतो का, हे पाहण्याआधीच टचपॅडचे पैसे मोजायला मी तयार नव्हते.

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली हे पुण्यात अशा कामांचे ठिकाण आहे, मुंबईकरांसाठी जसा लॅमिंग्टन रोड. तिथे दुचाकी लावायला जागा मिळणे हे बॅटरी मिळण्यापेक्षा अवघड असते, आणि तसेही उन्हात तापलेल्या डिकीत फुगलेली बॅटरी ठेवणे शहाणपणाचे नव्हते. त्यामुळे लॅपटॉप कापडात गुंडाळून, पिशवीत एकटाच उभा ठेवून रिक्षाने गेले. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सुचवलेल्या दुकानात एक मध्यमवयीन कारागीर बसले होते. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला आणि म्हणाले, “मॅडम, फुगलीय. टचपॅडचं आत्ता काही बोलू नका, आधी ही बाहेर काढू.”

मी समोरच स्टुलावर बसून सर्व काम पाहिले. पाठीचे दिसणारे स्क्रू काढून झाल्यावर त्यांनी मागच्या रबरी पायांखाली दडलेले स्क्रूही काढले. ते न काढता पाठ ओढली की कड फुटते, असे त्यांचे म्हणणे. मग धातूच्या पट्टीऐवजी गिटार वाजवायच्या नखीसारखी प्लास्टिकची त्रिकोणी चकती कडेने सरकवत नेली. एरवी पाठीचे खटके एकेक करून सोडवावे लागतात. इथे आतल्या दाबामुळे एका बाजूचे खटके चकती लागताच स्वतःहून टकटक सुटले. आतले दृश्य पाहण्यासारखे होते. काळ्या वेष्टनातले तीन सेल शेजारी शेजारी, त्यांतले दोन ताणून गुळगुळीत झालेले, आणि तिसऱ्याच्या वेष्टनावर मात्र अजून मूळच्या बारीक सुरकुत्या शिल्लक होत्या. त्यांनी सर्वांत आधी मदरबोर्डला जोडलेला बॅटरीचा चपटा कनेक्टर नखाने मागे सरकवून सोडवला आणि मगच बॅटरीचे स्क्रू काढले. माझ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी प्लास्टिकच्या चौकटीत स्क्रूंनी बसवलेली होती. काही यंत्रांत ती गोंदाने चिकटवलेली असते आणि ती सोडवताना सेल वाकण्याचा धोका फार वाढतो. तशी बॅटरी घरी यूट्यूब पाहून काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर आलेली बॅटरी त्यांनी कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली. ट्रे पाहून त्या दुकानावरचा माझा विश्वास बराच वाढला.

बॅटरी निघताच टचपॅड पूर्वीसारखा वाजू लागला. तळाच्या झाकणाला मात्र थोडा बाक आला होता आणि एक खटका तुटलेला होता. “अजून थोडं चाललं असतं तर टचपॅडची काच गेली असती,” असे म्हणून त्यांनी झाकण हातानेच हळूहळू सरळ केले. मग अडॅप्टर जोडून लॅपटॉप सुरू केला, तो चालला, आणि मी तिथेच बसून चालू महिन्याच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

माझ्या लॅपटॉपला बसणारी बॅटरी त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हती. मधले काही दिवस बॅटरीशिवाय काम केले. ते शक्य असले तरी सुखाचे नसते: काही यंत्रे बॅटरी नसताना प्रोसेसरचा वेग कमी करतात, अडॅप्टरची पिन जराशी हलली तरी सगळे क्षणात बंद होते, आणि पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामे निघतात हे वेगळे सांगायला नको.

नवी बॅटरी निवडताना जुन्या बॅटरीवरचे लेबल हाच खरा आधार असतो. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात आणि त्यांचे कनेक्टरही सारखे नसतात. माझ्या लेबलवर बॅटरीचा भाग क्रमांक, ११.४ व्होल्ट, ४२ वॉट-अवर आणि १३.०५ व्होल्ट ही चार्जिंगची कमाल मर्यादा छापलेली होती. ४२ ला ११.४ ने भागले की सुमारे ३.६८ ॲम्पिअर-अवर येतात, म्हणजे क्षमता साधारण ३,६८० मिलिॲम्पिअर-अवर. हा भागाकार करून पाहण्याचा फायदा मला पुढच्याच दुकानात झाला. तिथे ‘हीच बॅटरी, जास्त पॉवरची’ म्हणून जी दाखवली, तिच्यावर ११.४ व्होल्ट, ५,२०० मिलिॲम्पिअर-अवर आणि तरीही ४२ वॉट-अवर असे छापलेले होते. या तीन आकड्यांचे एकमेकांशी जमत नाही. आकार तोच, वजन हाताला हलके आणि क्षमता दीडपट असे सांगणारे लेबल पाहिले की मी पुढे भाव विचारत नाही.

भारतात लिथियमच्या बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. लेबलवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि त्याखाली ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती कोणत्या वस्तूसाठी आहे, हे दिसते. दुकानात उभ्या उभ्या होणारे हे काम आहे. क्रमांक खरा पण भलत्याच कंपनीचा, असाही प्रकार असतो, म्हणून नाव जुळवून पाहावे. त्याबरोबरच उत्पादनाची तारीख पाहावी. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेली ‘कोरी’ बॅटरी रसायनाच्या दृष्टीने कोरी नसते.

कारागिरांनी मला दोन पर्याय दिले होते. एक मूळ कंपनीच्या भाग क्रमांकाची आणि दुसरी त्याच मापाची, दुसऱ्या उत्पादकाची पण नोंदणीकृत. पहिलीची किंमत दुसरीच्या दुपटीहून थोडी अधिक होती. मी पहिली घेतली, कारण हा लॅपटॉप माझ्या पोटापाण्याचे साधन आहे; मुलांच्या शाळेच्या कामासाठी असता तर कदाचित दुसरीवर भागवले असते. बिल घेतले, बिलावर भाग क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घेतली. रोखीने दिल्यास थोडे कमी लागतील, असे हळूच सांगितले गेले तेव्हा जीएसटीची विवरणपत्रे भरणारी बाई समोर आहे हे त्यांना माहीत नव्हते.

याच दुकानात मी ‘सेल बदलून मिळतात का’ असेही विचारले होते, कारण जुन्या चौकटीत नवे सेल बसवून देणारे लोक स्वस्तात काम करतात. त्यांनी नकार दिला आणि कारणही दिले. बॅटरीत सेलबरोबर एक छोटा सर्किट बोर्ड असतो. सेलचे व्होल्टेज, तापमान, किती वेळा चार्ज झाली, एकूण क्षमता किती उरली, हे सर्व तो मोजतो आणि लक्षात ठेवतो. सेल काढले की तो पुष्कळदा बॅटरी कायमची बाद ठरवून कुलूप घालतो. कुलूप उघडले तरी जुन्या सेलचे आकडे धरून नव्यांचा हिशेब करत बसतो. शिवाय पिशवीच्या सेलच्या पातळ पट्ट्या दुकानात डाग देऊन जोडणे हे कारखान्यातल्या जोडणीच्या तोडीचे होत नाही. ज्या बिघाडात आगीचा धोका आहे, तिथे ही बचत मला करायची नव्हती.

नवी बॅटरी बसल्यावर विंडोजचा बॅटरी अहवाल काढला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ एवढे इंग्रजीत टाइप केले की वेब पानाच्या रूपात हा अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता, सध्याची पूर्ण क्षमता आणि चार्जिंगची आवर्तने दिसतात. नव्या बॅटरीची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या जवळपास आणि आवर्तने शून्याच्या आसपास असायला हवीत. माझी तशी होती. गंमत अशी की जुन्या बॅटरीचा काही महिन्यांपूर्वी सहज काढलेला अहवाल माझ्याकडे होता आणि त्यात अजून सत्तर टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक दाखवली होती. हा अहवाल क्षमता मोजतो, जाडी मोजत नाही. चांगला अहवाल असलेली बॅटरीही फुगलेली असू शकते, म्हणून माझा भर फूटपट्टीवर अधिक आहे.

जुन्या बॅटरीचा प्रश्न शेवटपर्यंत उरला. दुकानदाराने ‘राहू द्या, भंगारवाला नेतो’ असे म्हटले. तो पुढे काय करतो हे त्यांनाही सांगता येईना. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणे आणि ती गोळा करणाऱ्या, नूतनीकरण करणाऱ्या किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्या संस्थेकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरीवर छापलेल्या, फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचा अर्थ तोच. पण नियमापेक्षा मला कचऱ्याच्या गाडीची काळजी अधिक वाटत होती. पुण्यात घरोघरचा कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यानंतर तो दाबून भरणाऱ्या गाड्या आहेत. फुगलेला सेल सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेला तर तो यांपैकी कोणाच्या तरी हातात किंवा गाडीच्या दाबाखाली फुटणार. म्हणून कनेक्टरच्या पिनांवर चिकटपट्टी लावून बॅटरी वाळूच्या डब्यात घरी आणली आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राला आधी फोन करून, ती फुगलेली आहे हे स्पष्ट सांगून मगच नेऊन दिली. फोन महत्त्वाचा आहे, कारण साधी बॅटरी घेणारी सगळीच केंद्रे फुगलेली घेतात असे नाही. तिथून अशा बॅटऱ्या कारखान्यात जातात, वीज उतरवून त्यांचा चुरा केला जातो आणि त्यातून मिळणाऱ्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम वेगळे काढले जातात.

आता लॅपटॉपमध्ये चार्जिंगची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. ही सोय बहुतेक कंपन्या देतात. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये ती ‘कन्झर्व्हेशन मोड’ या नावाने आहे, आसूसच्या मायआसूस ॲपमध्ये आहे, आणि डेल व एचपीच्या अनेक यंत्रांत थेट बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, सापडते. या मर्यादेमुळे सेल ४.३५ व्होल्टवर उभे राहत नाहीत, बरेच खाली राहतात. लॅपटॉप मागच्या बाजूने उंच करणाऱ्या स्टँडवर गेला आहे, त्यामुळे पाठीला हवा लागते. फक्त बुधवारी रात्री मी मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरून घेते, गुरुवारी वीज जाईल या हिशेबाने. आणि गुरुवारी वीज गेली नाही तर दुपारपर्यंत अडॅप्टर काढून ठेवून ती ८० च्या खाली उतरवते.